निखिलचं मचाण: आमच्या घरच्या ग्रुपवर

निखिल (मिशिगन): सगळ्यांना नमस्कार, गणपतीचे फोटो बघितले, मखर फार सुंदर झालंय. एक विचारायचं होतं, खास करून धनूदादाला. ऑफिसमधल्या मित्राच्या घरचं शेत आहे आणि त्याला लागून जंगलाचा पट्टा, १ ऑक्टोबरपासून इथे धनुष्यबाणाचा हरणांचा सीझन सुरू होतो (माझ्याकडे क्रॉसबो आहे, म्हणजे बंदुकीसारखं धरायचं आडवं धनुष्य) तर तो मला घेऊन जातोय. झाडावर बसायला ट्रीस्टँड लागतो, म्हणजे आपलं मचाणच पण लोखंडी, रेडीमेड. एक जुना निम्म्या किमतीत मिळतोय, झाडाला मिठी मारल्यासारखा सरकवत सरकवत वर चढायचा प्रकार आहे, क्लाइंबर म्हणतात. त्यावर ३०० पाउंड लिहिलंय आणि मी २८९ आहे, म्हणजे बसतंय ना? फोटो टाकलाय.

आई: शिकार?? निखिल हे काय नवीन

विजूकाका: अरे आपल्याकडे १९७२ च्या कायद्यापासून बंद आहे ते सगळं, तिकडे चालतं का

निखिल: चालतं काका, रीतसर लायसन्स आहे, १९६० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना सेफ्टीचा कोर्स करावा लागतो तोही केला. किती हरणं मारायची ते ठरलेलं असतं आणि मांस वाया घालवत नाहीत. आई, मी कदाचित काहीच मारणार नाही ग, पण पहाटे जंगलात शांत बसायचं मला फार मनात आहे.

आई: बस बाबा, पण खाली बस. झाडावर कशाला

धनूदादा: निखिल थांब, पैसे देऊ नकोस अजून. मी चाकणहून निघालोय, बस नाशिक फाट्याला अडकलीय, घरी पोचलो की नीट लिहितो. तोवर एक काम कर, थंडीचे सगळे कपडे घाल, बूट घाल, क्रॉसबो आणि भरलेली बॅग पाठीवर घे आणि तसाच वजनकाट्यावर उभा राहा. आकडा इथे टाक.

सुमनआत्या: निखिल वजन वाढलंय का रे परत, शुगर तपासलीस का

धनूदादा: आत्या, तो विषय आत्ता नको ग. तो आज जेवढा आहे तेवढ्याला धरेल असं मचाण शोधायचंय आपल्याला.

सुमनआत्या: बरं बरं, माझा उद्देश तो नव्हता

निखिल: दादा केलं. सगळं घालून १४५ किलो, म्हणजे ३२० पाउंड. नुसता मी १३१.

धनूदादा: हेच बघायचं होतं मला. ३०० पाउंड म्हणजे १३६ किलो, आणि तो आकडा तुझ्या एकट्याच्या वजनाचा नसतो, कपडे बूट हत्यार पाणी डबा सगळं धरून असतो. म्हणजे तो स्टँड तू विकत घेण्याच्या आधीच ९ किलोने ओव्हरलोड आहे. आणि ३०० पर्यंत चालेल हे कंपनी म्हणते ते नवीन मालाबद्दल, ज्याच्या केबलला गंज नाही, पट्टे उन्हात वाळलेले नाहीत आणि सगळे नटबोल्ट ओरिजिनल आहेत. जुन्या मालाला आधीच्या माणसाने काय केलंय ते तुला कुठून कळणार. आमच्याकडे कंपनीत नियमच आहे, कुठून आला ते माहीत नाही असा हार्नेस (उंचावर काम करताना अंगाला बांधायचे पट्टे) किंवा दोर आला की कापून टाकायचा, कोणी परत वापरू नये म्हणून.

निखिल: बरं झालं विचारलं. मग काय घेऊ, ३५० वाला?

धनूदादा: नुसता आकडा वाढवू नकोस, प्रकारच बदल. क्लाइंबरमध्ये आधी बसून खालचा प्लॅटफॉर्म पायाने वर ओढायचा मग उभं राहून वरचा, प्रत्येक वेळी सगळं वजन एका बाजूला जातं, आपल्यासारख्या जड माणसाला (मी पण १०४ आहे) गुडघ्याला आणि खांद्याला त्रास आणि साल गुळगुळीत असेल तर घसरतो. झाडाला अडकवायचा छोटा हँगऑन येतो तोही नको, त्याला बारक्या काठीसारख्या पायऱ्यांवरून चढून वर पोचल्यावर बाजूला पाय टाकावा लागतो, आणि चढताना उतरताना किंवा तो पाय टाकतानाच माणसं पडतात, निवांत बसलेला माणूस त्या मानाने कमी पडतो. तुला शिडीवाला घे, लॅडर स्टँड, आणि त्यातही दोन माणसांचा. त्यांच्यावर बऱ्याचदा ५०० पाउंड लिहिलेलं असतं, म्हणजे २२७ किलो, आणि त्यावर तू एकटा बस. शिडी खाली जमिनीवर टेकलेली असते म्हणजे बराच भार जमिनीत जातो, पायऱ्या रुंद असतात, सीट रुंद असतं. सीट रुंद हवंच, नाहीतर कडेची पाइप मांडीखाली रुतते, तासाभरात पाय मुंग्यांनी भरून येतात आणि त्याच बधिर पायांनी तुला शिडी उतरायचीय.

अमेय: आणि उंची? २० फूट बघितले मी ऑनलाइन

धनूदादा: १२ ते १५ पुरे. उंच गेलं की पडायची उंची वाढते आणि शिडी जास्त लवचिक होते.

विजूकाका: मी मेळघाटात बसलोय मचाणावर, बुद्धपौर्णिमेला प्राणीगणनेला, रात्रभर. गार्डने आधी तिघांचं वजन अंदाजाने बघितलं आणि म्हणाला तुम्ही दोघंच वर चढा साहेब. तेव्हा मला राग आला होता, आता वाटतं बरोबर होता तो.

नाना (यवत): निखिल मी नाना. बाळा तुझ्या आजोबांची गोष्ट तुला कोणी सांगितली नसंल. ज्वारी हुरड्यात आली की पाखरं राखायला आम्ही माळा बांधायचो, चार बाभळीच्या मेढी, वर फळ्या, सगळं काथ्यानं आवळलेलं. आप्पा अंगानं मोठे होते, तुझ्यासारखेच. मागच्या साली बांधलेला माळा तसाच होता, ते म्हणाले घट्ट आहे, वर चढले, गोफण फिरवायला उभे राह्यले आणि एका बाजूची गाठ सुटली, दहा बारा फुटावरून खाली. खुबा मोडला, चार महिने अंथरुणात. नंतर मी तो काथ्या हातात घेतला, वरून चांगला पिवळा दिसत होता आणि चिमटीत धरून चोळला तर कोंड्यावानी भुगा झाला. पावसानं आतून खाल्ला होता. म्हणून सांगतो जुनं घेऊ नको.

निखिल: नाना हे मला माहीतच नव्हतं.

आई: मला पण नाही सांगितलं कधी ह्यांनी

धनूदादा: नाना अगदी बरोबर बोललात, नायलॉनच्या पट्ट्याचंही तेच होतं, ऊन खातं त्याला. निखिल, पट्टे वर्षभर झाडाला ठेवायचे नाहीत, झाड जाड होतं आणि पट्टा आपोआप ताणला जातो, खारी कुरतडतात. सीझन संपला की काढून घरात. पुढच्या वर्षी शिलाई, बकल, वेल्डिंगचे जोड सगळं हाताने चाचपून मगच लावायचं. आणि मॉडेल नंबर टाकून तिकडच्या सीपीएससीच्या (वस्तूंची सुरक्षितता बघणारं सरकारी खातं) साइटवर बघ रिकॉल झालाय का, म्हणजे दोष सापडून परत मागवलाय का, ट्रीस्टँडचे रिकॉल असतात तिथे. टीएमए म्हणून त्यांच्या उत्पादकांची संघटना आहे, तिचा शिक्का असलेलाच घे.

आता खरं महत्त्वाचं. स्टँड कितीही भारी असला तरी हार्नेस लागतोच, आणि हार्नेसला स्वतःचा वेगळा वजनाचा आकडा असतो, हे लोक बघतच नाहीत. ५०० पाउंडचा स्टँड आणला आणि त्याच्याबरोबर खोक्यात फुकट आलेला ३०० चा हार्नेस घातला तर ३२० पाउंडच्या माणसाला काही अर्थ नाही. आमच्या इंडस्ट्रीतले हार्नेससुद्धा साधारण १४० किलोपर्यंतच धरलेले असतात, तू सामानासकट १४५. त्यामुळे ज्याच्या लेबलवर तुझ्या आकड्याच्या वरचं वजन स्पष्ट लिहिलंय असाच शोध, काही कंपन्या काढतात. नाहीच मिळाला तर झाडावर चढायचंच नाही, जमिनीवर तंबूसारखा ब्लाइंड लावून बस, हरीण तिथूनही दिसतं.

निखिल: पण इतका काय फरक पडतो दादा, ५-१० किलोने

धनूदादा: पडतो. हार्नेसच्या दोरीत एक शिवलेली घडी असते, माणूस पडला की ती टराटरा उसवत जाते आणि झटका गिळते. ती ठरावीक वजनालाच शिवलेली असते. वजन दुप्पट तर पडताना गिळायची ताकदही दुप्पट, घडी पूर्ण उसवून संपली की उरलेला झटका सरळ मणक्याला. म्हणून दोरी झाडाला डोक्याच्या वर बांधायची आणि बसल्यावर जवळजवळ ढील राहू द्यायची नाही, म्हणजे पडलास तरी वीतभरच पडशील.

विजूकाका: वायरमन लोक कमरेचा पट्टा लावतात तसा नाही चालणार?

धनूदादा: नाही काका, एकट्या कमरेच्या पट्ट्यावर माणूस लटकला की तो पट्टा सरकून छातीखाली येतो, श्वास कोंडतो. जड माणसाला तर मुळीच नको. खांदे, छाती, दोन्ही मांड्या असा पूर्णच हवा.

आणि हार्नेसने धरलं म्हणजे सुटलो असं नाही. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी शेडवर पत्रे बदलताना एक मुलगा घसरला, हार्नेसने धरला, खरचटलंही नाही. पण तो लटकला होता आणि लिफ्ट आणेपर्यंत त्याचा चेहरा पांढराफटक पडला, बोलणं तुटक झालं. मांडीचे पट्टे आवळतात, पाय हलत नाहीत, रक्त खाली साचतं आणि मग शुद्ध हरपते. मी खालून ओरडत होतो की पाय हलव पाय हलव. ते मी विसरू शकत नाही. म्हणून हार्नेसला एक लूप येतो, रिलीफ स्ट्रॅप, तो हाताशी ठेवायचा, लटकलास तर लगेच त्यात पाय घालून उभं राहायचं, वजन मांड्यांवरून काढायचं, आणि परत स्टँडवर किंवा शिडीवर यायचं.

सुमनआत्या: मी ३० वर्षं नर्सिंग केलंय, धनू म्हणतो ते खरं आहे. निखिल फोन खिशात ठेव, बॅगेत नको, बॅग वर राहिली तर हात पोचणार नाही. शिट्टी गळ्यात घाल. कुठल्या झाडावर आहेस आणि किती वाजता उतरणार ते मित्राला सांगून जा.

अमेय: निख्या चढता उतरताना पण बांधलेला राहा. वर स्टँडच्याही वरून खाली बुंध्यापर्यंत एक दोर बांधून ठेवायचा, त्यावर प्रुसिकची गाठ, ती हाताने सरकवली की सरकते, झटका बसला की आवळते. तैलबैल्याला आम्ही हीच गाठ वापरतो, ऑस्ट्रियाच्या प्रुसिक नावाच्या क्लाइंबरने १९३१ साली आणली. तिकडे लाइफलाइन म्हणून रेडीमेड मिळते, तिच्यावरही वजन वाच. जमिनीवर पाय असताना अडकव आणि परत जमिनीवर पाय टेकल्यावरच काढ, मध्ये एकदाही नाही.

निखिल: आणि क्रॉसबो पाठीवर घेऊन चढू?

धनूदादा: नाही, दोन्ही हात मोकळे, दोन हात दोन पाय यातले तीन कायम शिडीवर. क्रॉसबो ताण न दिलेला, बाण न लावलेला, खाली सुतळीला बांधून ठेव आणि वर बसून ओढून घे. हो, आणि शिडी उभी करायला तिघं लागतात, वरचा पट्टा आवळेपर्यंत ती नुसती टेकलेली असते, पहिल्यांदा चढणारा तू नसावास, सगळ्यात हलका माणूस असू दे आणि त्यालाही दोर बांधा.

निखिल: मित्राने झाड निवडून ठेवलंय, सरळसोट आहे, फोटो टाकतो. तो म्हणाला अॅश आहे.

मंजूताई: निखिल फोटो झूम करून बघितला, वरच्या फांद्यांना पानं नाहीत. मिशिगनमध्ये अॅश असेल तर मला भीती वाटते. शिवाजीनगरच्या अॅग्री कॉलेजात किडींचा विषय होता आम्हाला, एमरल्ड अॅश बोरर म्हणून हिरवा चकचकीत भुंगेरा आहे, अमेरिकेत तो २००२ मध्ये डेट्रॉइटजवळच पहिल्यांदा सापडला आणि त्याने अॅशची जंगलंच्या जंगलं मारली. त्याची अळी सालीच्या आत नागमोडी पोखरत जाते, झाडाचा रस तुटतो, झाड उभं दिसतं पण ठिसूळ झालेलं असतं. बुंध्यावर बारीक भोकं बघ, गोल नाही, इंग्रजी डी अक्षरासारखी, एक बाजू सपाट.

निखिल: (दुसऱ्या दिवशी) ताई आज शेतावर जाऊन आलो. भोकं आहेत. नखाने साल ओढली तर हाताएवढा तुकडा निघून आला आणि आत सगळ्या नागमोडी नाल्या. आणि आम्ही त्याला लोखंडी स्टँड आणि मला बांधणार होतो.

आई: देवा

नाना (यवत): आप्पांनी राखलं बघ तुला

मंजूताई: ओक बघ एखादा, जिवंत, सरळ, हिरवागार, वर वाळकी फांदी लटकत नसलेला.

निखिल: मिळाला, पांढरा ओक. आणि जुना स्टँड नको म्हणून कळवलं. दोन माणसांचा शिडीवाला ऑर्डर केला, ५०० चा, १५ फूट. हार्नेस मोठ्या वजनाचा शोधायला तीन संध्याकाळी गेल्या, शेवटी ३५० च्या वर लिहिलेला मिळाला, लेबलचा फोटो टाकतो. दादा तू बघ एकदा.

धनूदादा: लेबल बरोबर आहे. तारीख पण बघ, कधी बनवला ती, पाचएक वर्षांनी बदलायचा, आणि एकदा जरी पडून झटका बसला तर त्याच दिवशी फेकून द्यायचा. आता झाडावर जायच्या आधी गॅरेजमध्ये कशाला तरी पक्क्या आधाराला लटकून बघ, जमिनीपासून फूटभर, खाली मित्राला उभा कर. रिलीफच्या लूपमध्ये पाय घालायला किती वेळ लागतो ते मोज.

निखिल: (शनिवारी) लटकलो. पहिल्यांदा लूप सापडेचना, ४० सेकंद गेले आणि मांड्या खरंच फार दुखल्या. तिसऱ्यांदा ८ सेकंदांत जमलं. हा घ्या फोटो, आई बघ, जमीन इथेच आहे खाली.

आई: बघितला. जप रे

धनूदादा: छान. पण डाव्या मांडीचा पट्टा सैल दिसतोय, उजव्यापेक्षा खाली आलाय. जाड पॅंट घालून परत आवळ, फक्त दोन बोटं सपाट जातील एवढीच जागा ठेव, आणि बोटं घातलेला फोटो पाठव. मी जागा आहे.