प्रतिसाद: हेड उघडायच्या आधी प्रेशर टेस्ट करून घ्या

कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) कमी होतंय पण गाडीखाली थेंब नाही, एवढ्यावरून मेकॅनिकने हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) गेल्याचं सांगितलं असेल, तर कृपया लगेच हेड उघडू देऊ नका. बारीक गळतीतलं कूलंट गरम इंजिनवरच वाळून जातं, खाली पडतच नाही.

इंजिन पूर्ण थंड असताना प्रेशर टेस्टर (कूलंटच्या कॅपच्या जागी बसवून आत हवेचा दाब देणारा, काटा असलेला हातपंप) लावायला सांगा. दाब कॅपवर लिहिलाय तेवढाच, बहुतेक गाड्यांत १ बारच्या आसपास. काटा उतरू लागला की टॉर्च घेऊन होजचे क्लिप, रेडिएटरच्या कडा आणि वॉटर पंपाच्या खालचं बारीक भोक बघा. तिथे पांढरट किंवा कूलंटच्याच रंगाची खरवड दिसली तर गळती बहुधा तिथेच. गाडीच्या आत गोडसर वास आणि काचेवर चिकट धुकं असेल तर हीटर कोअर (डॅशबोर्डमागचा, हीटरचा छोटा रेडिएटर) गळतोय.

ऑइलच्या झाकणाखालचा दुधी थर म्हणजे गॅस्केट गेलंच असं नाही, तो थंडीत, छोट्या फेऱ्यांनीही येतो. डिपस्टिकवरचं (ऑइल मोजायच्या पट्टीवरचं) ऑइल दुधी आहे का ते बघा. गॅस्केटचा संशय उरलाच तर ब्लॉक टेस्ट करा, म्हणजे कूलंटवरची हवा एका निळ्या तपासणी-द्रवातून ओढून बघा. पेट्रोल गाडीत ते निळं द्रव पिवळं झालं, म्हणजे सिलिंडरमधला गॅस कूलंटमध्ये शिरतोय. मग हेड उघडावंच लागेल.

आणि गरम इंजिनची कूलंटची कॅप कधीही उघडू नका, गंभीर भाजतं.