शब्दचर्चा : काडतुसाच्या ‘रनआउट’ला काय म्हणावं?

प्रश्न : रायफल नेमबाजीसाठी हाताने भरलेल्या काडतुसांवरचा मजकूर मराठीत आणतो आहे. ‘रनआउट’पाशी अडलो, म्हणजे गोळी काडतुसाच्या मध्यरेषेत नसल्याने फिरताना ती किती आत-बाहेर होते ते माप. शब्दकोशात ‘धावबाद’ मिळतं, ते इथे चालणार नाही. पुंगळी (काडतुसाची पितळी नळी, जिच्या तोंडात गोळी बसते) दोन आधारांवर ठेवून बोटाने फिरवायची, गोळीला डायलचं (काट्याच्या मापयंत्राचं) टोक टेकवायचं आणि काटा एकूण किती हलला ते बघायचं. ‘उत्केंद्रता’ लिहू का?

लेथवाला, हिंगणघाटजवळून : उत्केंद्रता लिहाल तर आकडा चुकेल. मध्य जेवढा सरकला तेवढी उत्केंद्रता, पण काटा त्याच्या दुप्पट फिरतो. गोळी एका बाजूला जेवढी बाहेर येते, अर्ध्या फेऱ्यानंतर तेवढीच आत जाते. डायलवर ०.०४ मि.मी. दिसले तर मध्य ०.०२ नेच सरकलेला असतो. लेथच्या चार जबड्यांच्या चकात (पकडीत) जॉब (कातायचा तुकडा) बांधताना आम्ही काट्याच्या निम्मंच सरकवतो ते त्यामुळे. आमच्याकडे सरळ विचारतात, “आउट किती आहे?” सायकलवालाही चाकाचा आउट काढतो. गोळीचा आउट म्हणा, सगळ्यांना कळेल.

वाचक, दर्यापूर तालुका : आमच्या इकडे बंडीचं चाक ‘डुलते’ म्हणतात. पण तुंब्याचं (चाकाच्या मधल्या लाकडाचं) भोक झिजलं तरी डुलते अन् आरे ढिले होऊन चाक वाकडं झालं तरी डुलते. पहिलं उभ्या बंडीत हातानं हालवलं की समजते, दुसरं चाक फिरवल्याशिवाय समजत नाही. तुमची गोळी पुंगळीत घट्ट बसली हाय ना? मग ‘डुलते’ लिहू नका दादा, लोकायले ते सैल वाटन.

प्रश्नकर्ता : हा फरक माझ्या ध्यानातच आला नव्हता, आभार. ‘आउट’ घेतो. आणखी एक : गोळी तिरपी बसली असेल तर टोकाकडे आउट जास्त दिसतो, बुडाशी कमी. म्हणून डायल कुठे टेकवला तेही दर वेळी लिहीन. मूळ आकडे इंचाच्या हजारांशात आहेत.

लेथवाला : मग ‘थाउ’ लिहा, वर्कशॉपात तेच बोलतात. ३ थाउ म्हणजे ०.०७६ मि.मी. आणि दुरुस्तीला काय शब्द घेतला?

प्रश्नकर्ता : ‘आउट काढणे’. ज्या बाजूला काटा सगळ्यात वर जातो तिथे खूण करून गोळी आडवी दाबतात.

लेथवाला : तिथे थांबा. चकात आउट काढताना आम्ही जॉब वाकवत नाही, नुसता सरकवतो. तुमच्याकडे पुंगळीचा गळा (गोळी धरणारा भाग) वाकतो, गोळीची पकडही ढिली होऊ शकते. त्याला ‘दाबून सरळ करणे’ असंच लिहा. गळ्याचं पितळ एका बाजूला जाड असेल, किंवा गळा आतून रुंद करणारी गुंडी परत येताना त्याला तिरपा ओढत असेल, तर आउट तिथूनच येतो. ते आधी बघणं म्हणजे खरं ‘आउट काढणे’. दोन्हीला एकच शब्द वापरलात तर वाचणारा दाबतच बसेल.

प्रश्नकर्ता : पटलं. दोन शब्द वेगळे ठेवतो.