प्रति: देवाचं नाव न उच्चारणं
ज्यू लोक देवाचं हिब्रूतलं चार अक्षरी नाव उच्चारत नाहीत. ‘त्याऐवजी अदोनाय (प्रभू) म्हणतात, एवढाच नियम’ असं कुणी म्हटलं तर ते अपुरं आहे. ‘अदोनाय’सुद्धा धर्म काटेकोर पाळणारे ज्यू प्रार्थनेत आणि तोरा हा धर्मग्रंथ वाचतानाच म्हणतात, एरवी बोलताना ‘हाशेम’, म्हणजे ‘ते नाव’. लहान मुलांना प्रार्थना शिकवताना मात्र ‘अदोनाय’ असाच उच्चार करू देतात, ही सवलत मला फार समजूतदार वाटते.

हे पथ्य पार आकड्यांपर्यंत जातं. हिब्रूत अक्षरांनीच अंक लिहितात. १५ म्हणजे १० आणि ५, योद-हे. पण ती देवाच्या नावातली अक्षरं, म्हणून ९ आणि ६, तेत-वाव लिहितात. १६ सुद्धा ९ आणि ७. हिब्रू पंचांगातल्या शवात महिन्याच्या १५ तारखेचा सण ‘तू बिश्वात’, त्यातला ‘तू’ हाच. आपल्या कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, त्याच दिवशी एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा, म्हणजे गोड पोह्यांचा नैवेद्य, करतात.