मरणानंतर काही नसेल, तर रडण्याला आणि गाण्याला अर्थ उरतो का?

गोदाकाठची (धागाकर्ती)

माझ्या मोठ्या भावाचं दहावं नाशिकला गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, रामकुंडावर झालं. बराच वेळ कावळा शिवेना, शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. परत येताना घरातल्याच एका वडीलधाऱ्यांनी मला विचारलं, "तू मेल्यानंतर काही असतं असं मानत नाहीस. म्हणजे तुझ्या लेखी तो संपला. मग एवढं रडतेस कशासाठी आणि गातेस तरी कशासाठी?" विचारण्यात कुचकेपणा अजिबात नव्हता, त्यांना खरंच उमगत नव्हतं. त्या वेळी बोलायचं त्राण नव्हतं, म्हणून इथे सविस्तर लिहिते. तुमची मतं हवी आहेत, विरोधातली तर नक्कीच.

माझं म्हणणं असं की, जगण्याचा अर्थ मरणानंतरच्या कशावर तरी सोपवला की जगणं हलकं होतं. भाऊ पुन्हा कुठेतरी भेटणारच असेल तर त्याचं जाणं म्हणजे नुसती काही काळाची ताटातूट. मी तसं मानत नाही, म्हणूनच तो तबल्यावर आणि मी तंबोऱ्यापाशी अशी प्रत्येक बैठक मला एकदाच मिळालेली वाटते. गाण्याचंही तेच. मारवा राग गाताना षड्ज टाळत टाळत कोमल रिषभावर थांबलं की जी हुरहूर लागते ती श्वासाबरोबर संपते. ती पुढे कुठे साठत नाही. साठत नाही म्हणून ती खोटी ठरते का?

या सगळ्यात मला सारखी आठवतात ती नाशिकची पांडवलेणी. तिथल्या तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा प्राकृतातला मोठा शिलालेख आहे. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची ही आई. मुलगा गेलेला, नातू पुळुमावी गादीवर. त्याच्या राज्याच्या १९व्या वर्षी तिने हे लेणं भिक्खूंना दिलं आणि भिंतीवर मुलाचं वर्णन कोरवून घेतलं. शक, यवन, पहलवांचा नाश केला, त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, हे सगळं त्यात आहेच. पण त्याच ओळींमध्ये त्याचा चेहरा सूर्यकिरणांनी उमललेल्या कमळासारखा होता, प्रजेच्या सुखदुःखाला तो आपलं मानायचा, आणि आईच्या सेवेत त्याने कधी खंड पडू दिला नाही, हेही आहे. राजाच्या प्रशस्तीत हे शेवटचं कोण घालेल? आईच घालेल. जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वीचं ते दुःख मला त्या ओसरीत उभं राहिल्यावर कळतं, आणि ते कळायला मला परलोकाची गरज पडत नाही. भावनेला आकार मिळाला, तो दुसऱ्या माणसाला लागला. माझ्यासाठी अर्थ इथेच पुरा होतो.

पंचवटीकर

ताई, आधी भाऊ गेल्याचं वाचून फार वाईट वाटलं. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या रामकुंडावर तीर्थोपाध्याय आहे, म्हणून मी कोणत्या बाजूने बोलणार हे उघड आहे. पण तुमचंच उदाहरण तुमच्या विरुद्ध जातं.

बलश्रीने ते लेणं दिलं कशासाठी? पुण्यासाठी. त्याच लेखात पुढे पुळुमावीने लेण्यासाठी गाव दिल्याचं आहे, आणि त्या दानाचं पुण्य त्याने आपल्या वडिलांच्या नावे केलं आहे. म्हणजे गेलेल्या माणसापर्यंत आपण केलेलं काही पोहोचतं, ही श्रद्धा नसती तर छिन्नी हातात घेतलीच गेली नसती. तुम्ही फळ घेताय आणि मूळ नाकारताय. गायक पलुसकरांचंही बघा. विष्णु दिगंबरांनी देशभर गाणं पोहोचवलं आणि उत्तरायुष्यात आमच्या पंचवटीत रामनाम आधार आश्रम काढला. ते गाणं श्रोत्याला लागून पुरं होत नव्हतं, ते रामाला वाहिलेलं होतं.

दुसरं असं की, विधीकडे तुम्ही फार वरवर पाहिलंत. दहाव्याला माणसं येतात तेव्हा त्यांना काही सुचत नसतं. हात कुठे ठेवावा हेही कळत नाही. त्या हातांना आम्ही काम देतो: तीळ घे, पाणी सोड, पिंड इथे ठेव, आता नाव घे. नाव घेताना बहुतेकांचा आवाज फुटतो. आणि ते नाव आमच्या नामावळीत, आधीच्या पिढ्यांच्या नावांखाली लिहिलं जातं. परवा एक तरुण आला होता. काही मानत नाही म्हणाला. वहीत पणजोबांची मोडीतली सही दाखवली तर त्याने तिच्यावरून बोट फिरवलं आणि मग शांतपणे सगळा विधी केला. त्याचं काय झालं हे मला ठाऊक नाही, पण काहीच झालं नाही असं तरी म्हणू नका.

इहवादी

धागाकर्तीशी अर्धा सहमत, पंचवटीकरांशी पूर्ण असहमत.

मेलेल्याला श्राद्धाने तृप्ती मिळत असेल तर प्रवासाला निघालेल्याला शिदोरी द्यायचं कारणच नाही, घरी श्राद्ध घाला, त्याचं पोट वाटेत भरेल. हा युक्तिवाद परलोक न मानणाऱ्या चार्वाकांच्या नावावर जुन्या ग्रंथांत नोंदलेला आहे आणि त्याला सरळ उत्तर आजवर मिळालेलं नाही. पुण्य एकाने करून दुसऱ्याच्या नावे करता येतं हा तर त्याहून मोठा दावा. श्रद्धेतून सुंदर गोष्ट घडली म्हणून श्रद्धा खरी होत नाही.

पण ताई, तुम्ही परलोक दारातून बाहेर काढलात आणि कलेच्या खिडकीतून आत घेतलात, असं मला वाटतं. "एकोणीसशे वर्षांनी मला ते दुःख कळलं" म्हणजे बलश्री अजून कुठेतरी उरली आहे, असंच झालं की. मग न उरलेल्यांचं काय? त्याच लेण्याच्या ओसरीखाली सहा यक्ष खांद्यांवर तुळया पेलताना कोरलेत. जमिनीतून अर्धवट वर आलेली ती धडं, ताणलेले खांदे. ज्या पाथरवटांनी ती कोरली त्यांची नावं लेखात नाहीत. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरला जन्मले, १९४४ मध्ये नाशिकात वारले, आणि त्यांच्या मूकपटांपैकी बहुतेक आज उपलब्धच नाहीत. तुमच्या भावाच्या तबल्याचं ध्वनिमुद्रण किती उरलंय? कला टिकते या दिलाशावर उभं राहू नका. दुःखाला अर्थ लागतोच असं नाही, त्याला वेळ लागतो.

पौषवारी

मी फार शिकलेली नाही, दर पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकला पायी जाते. ताईंच्या एका वाक्याशी अडले. पुन्हा भेट होणार असं मानलं तर जाणं म्हणजे नुसती ताटातूट, असं तुम्ही लिहिलंत. ज्ञानोबा समाधीला बसले त्या वेळचं वर्णन नामदेवरायांच्या अभंगांत आहे. निवृत्तिनाथ हे थोरले भाऊ आणि गुरूसुद्धा. आत्मा मरत नाही हे त्यांनीच ज्ञानोबांना शिकवलेलं. तरी ते कासावीस झाले. मानणाऱ्यांचं दुःख कमी असतं असं कृपा करून समजू नका. माझा मुलगा जाऊन बरीच वर्षं झाली. तो पांडुरंगापाशी आहे हे मला पक्कं ठाऊक आहे आणि तरी त्याची चप्पल मी टाकलेली नाही.

गोदाकाठची

पौषवारी, तुमचं दुःख कमी असं मला कधीच म्हणायचं नव्हतं आणि नाही. पण निवृत्तिनाथांचं उदाहरण मला माझ्याच बाजूचं वाटतं. आत्म्याचं ज्ञान असलेल्या गुरूलाही ते ज्ञान त्या घडीला पुरलं नाही. आणि नामदेवांनी त्यांचं ज्ञान जसं सांगितलं तसं त्यांचं व्याकूळ होणंही लपवलं नाही. संतांना ती घालमेल अभंगात ठेवावीशी वाटली, हेच मला महत्त्वाचं वाटतं.

इहवादी, कला टिकते असं मी लिहिलेलंच नाही. टिकणं हा निकषच मला मान्य नाही. फाळक्यांचा एखादा मूकपट पाहून कुणी एका रात्री थिएटरात हरखून गेला असेल, ते हरखणं रिळं गेली म्हणून मागे जाऊन पुसलं जातं का? भावाचं ध्वनिमुद्रण विचारलंत. फारच थोडं आहे आणि वाईट आहे. पण विलंबितात समेवर येताना तो माझ्याकडे न बघता हसायचा. ते झालं. झालेली गोष्ट न झालेली करता येत नाही, मरणालाही नाही. परलोक म्हणा, वारसा म्हणा, दोन्हींत आपण अर्थ पुढे ढकलत असतो. मला तो घडला त्याच जागी मोजायचा आहे.

पंचवटीकरांच्या मुद्द्यावर मात्र अजून विचार करतेय. मूळ नाकारून फळ घेणं हे वाक्य टोचलं.

रात्रपाळी

इथल्याच एका अतिदक्षता विभागात नर्स आहे. चर्चा मोठी आहे, मी फक्त पाहिलेलं लिहिते. शेवटच्या दिवसांत माणसं जीवनाचा अर्थ क्वचितच विचारतात. दूधवाल्याचे पैसे दिले का, द्राक्षबागेला पाणी कोण देतंय, धाकटीचा फोन आला का, हे विचारतात. परलोकाची भीती असलेले पाहिलेत, भक्कम श्रद्धेने शांत असलेलेही पाहिलेत, आणि काहीही न मानता तितकेच शांत असलेलेही. कोण शांत राहील हे मानण्यावरून मला कधी ओळखता आलं नाही. पलंगाशी कोण बसलंय यावरून बरेचदा ओळखता आलं. एका आजोबांची नात कानाशी हळू आवाजात ओव्या म्हणायची. आजोबा शुद्धीत नव्हते. ऐकू जात होतं की नाही हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण ती म्हणत असताना वॉर्डातल्या आम्हा सगळ्यांची चाल हळू व्हायची, बाजूच्या पलंगावरचे नातेवाईक मोबाइल खाली ठेवायचे. ज्याच्यासाठी म्हटलं त्याच्यापलीकडे ते पोहोचत होतं एवढं नक्की.

त्रिरश्मीच्या पायथ्याशी

इतकं लेण्यांबद्दल बोललं गेलं, पण ती ज्यांना दिली त्या भिक्खूंचं मत कुणी विचारलं नाही! ती बौद्ध लेणी आहेत. आम्ही पायथ्याच्या बुद्ध स्मारकात नेमाने जातो. तिथे शिकवलं जातं ते असं की, टिकून राहणारा "मी" मुळातच नाही, जिवंतपणीही नाही. पंचवटीकर आत्मा टिकवायला बघतात, गोदाकाठची घडलेला क्षण पक्का धरून ठेवतात. "झालेली गोष्ट न झालेली करता येत नाही" यातसुद्धा मूठ आवळलेली दिसते मला. ताई, राग मानू नका.

पुण्य दुसऱ्याच्या नावे करण्याबद्दल: पुण्यानुमोदनाची प्रथा आमच्याकडे आजही आहे. पण बाबासाहेबांनी धम्म दिला तो माणसांनी माणसांशी नीट वागावं म्हणून, मेल्यावर जागा मिळावी म्हणून नाही. काळाराम मंदिराच्या दारात १९३० साली सत्याग्रहाला बसलेल्या आमच्या आजोबांच्या पिढीला परलोकाआधी याच लोकातलं दार उघडून हवं होतं. ज्या रामाला गाणं वाहिलं जात होतं, त्या रामाचं दर्शन त्यांना नाकारलं होतं. अर्थाची चर्चा करताना हे गाळून चालणार नाही.

इहवादी

वरच्या प्रतिसादाच्या दुसऱ्या परिच्छेदाला शंभर टक्के अनुमोदन. पहिल्याशी नाही. भाऊ गेलेल्या बहिणीला मूठ सोड म्हणणं फार लवकर होतंय.

पंचवटीकर

काळारामाच्या दाराबद्दल लिहिलंत ते खरं आहे. त्या दाराच्या आतल्या बाजूला आमच्यासारखीच घरं होती. त्यावर मी बचाव करणार नाही.

मूळ मुद्द्यावर मात्र ठाम आहे. ताई, तुम्ही म्हणता झालं ते झालं, तेवढं पुरे. मग वर्षश्राद्धाला याल का? विधी करू नका हवं तर. नामावळीत भावाचं नाव अजून लिहायचं राहिलं असेल तर ते लिहायला या.

गोदाकाठची

येईन. पिंडदान करणार नाही, हे आधीच सांगते. नाव माझ्या हाताने लिहीन. नावापुढे "तबला वाजवत असे" एवढं लिहायची मुभा आहे का तुमच्या वहीत?

पंचवटीकर

लिहा की. लोकांनी गाव, हुद्दा, कधी नवस असं काय काय लिहिलेलं आहे. पण पिंड न देता नुसतं नाव लिहिणं मला अपुरं वाटतं, आणि तुम्ही आलात की समोर बसूनही मी हेच म्हणणार आहे.