वाट बघताना फोन खिशातच राहू द्या: तुमचं मत काय?

पाचपाखाडीकर

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाद घालायला सोपं जाईल. नुसतं बसायची, कंटाळा अंगावर घ्यायची आपली सवय मोडली आहे आणि ती मुद्दाम परत लावून घ्यायला हवी. त्यासाठी कर्जतच्या एखाद्या रिसॉर्टवर शनिवार-रविवार फोन जमा करून काही होत नाही. सोमवारी सकाळी ठाणे स्टेशन गाठलं की पुन्हा तेच. फोन खरा शिरलाय तो दोन-दोन मिनिटांच्या फटींमध्ये. लिफ्ट येईपर्यंत, चहा उकळेपर्यंत, बस लागेपर्यंत.

संध्याकाळी सॅटिसवर, म्हणजे ठाणे स्टेशनबाहेरच्या उंचावरच्या बसतळावर, टीएमटीच्या (ठाणे पालिकेच्या बसच्या) रांगेत उभं राहून बघा. रांग पुढे सरकते तेव्हा कुणी मान वर करत नाही. पुढच्याच्या चपला दोन पावलं गेल्या एवढं डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसतं आणि तेवढ्यावर सगळी रांग सरकते.

मी आता या रांगेत फोन काढत नाही. सुरुवातीची पाच-दहा मिनिटं खरंच त्रासाची असतात. हात खिशाकडे जातो. फोन वाजलेला नसतो तरी मांडीला थरथर जाणवते. मग डोक्यात कामांची यादी सुरू होते: गॅसचा नंबर, शाळेची फी, सोसायटीचा मेंटेनन्स. ती यादी संपली की मात्र तळाशी दडलेलं वर यायला लागतं. डॉक्टरांनी वडिलांना जे सांगितलं ते त्यांना नीट कळलंय का, हा प्रश्न मी बरेच दिवस बाजूला सारत होतो. तो त्या रांगेत समोर आला. सुखाचा नव्हता. पण त्याच रात्री मी वडिलांशी बोललो. रीलमध्ये डोकं असतं तर अजून महिनाभर बोललो नसतो.

हे अवघड का जातं, त्याचा एक पुरावा प्रसिद्ध आहे. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातल्या टिमथी विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा प्रयोग २०१४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आला. लोकांना १५ मिनिटं खोलीत एकटं बसवलं. हाताशी फक्त विजेचा झटका देणारं बटण. हा झटका टाळण्यासाठी आम्ही पैसेसुद्धा देऊ, असं याच लोकांनी आधी सांगितलं होतं. तरी १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ बायकांपैकी ६ जणींनी स्वतःला झटका देऊन घेतला. आता आपल्या सगळ्यांच्या खिशात फोनच्या रूपाने ते बटण आलंय, असं मला वाटतं.

आणि हे बटण संपत नाही. पूर्वी वेबपान तळाला जाऊन थांबायचं, पुढच्या पानावर जायला बोटाने सांगावं लागायचं. २००६ मध्ये एझा रास्किन या डिझायनरने न संपणारी सरकपट्टी बनवली, म्हणजे बोट सरकवत राहिलं की पान संपतच नाही. पुढे त्यानेच त्याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. थांबायची जागाच काढून टाकल्यावर थांबणार कुठे?

म्हणून माझा आग्रह एवढाच: वाट बघताना फोन बाहेर काढायचा नाही. बाकी वेळी खुशाल वापरा. पटतंय का?

दिवालोकल

अजिबात नाही पटत. आणि शांतपणे सांगते, रागावून नाही.

दादा, तुमची रांग सॅटिसवरची. माझा लेडीज डबा दिवा स्टेशनवरचा. सकाळी दारातून आत ढकलली गेले की ठाण्यापर्यंत हात खाली घेता येत नाही. कुणाची तरी पर्स बरगडीत आणि कुणाचे ओले केस तोंडावर. त्या गर्दीत कानातला आवाज ही माझी एकमेव खोली आहे. तिथे ‘मनात काय वर येतंय ते बघ’ असं मला कुणी सांगू नये. मनात फक्त ‘कळवा कधी येतंय’ हेच येतं.

दुसरं जास्त महत्त्वाचं. पुरुष ठाण्यात तलावपाळीच्या कठड्यावर हात मागे टेकून बसला तर तो निवांत बसलेला असतो. बाई तशी बसली तर दहा मिनिटांत कुणीतरी शेजारी येऊन बसतं, नाहीतर दोनदा समोरून चक्कर मारून जातं. फोनमध्ये मान घातली की लोक जरा लांब राहतात. माझ्यासाठी फोन आधी ढाल आहे, मग करमणूक. घरी तर प्रश्नच मिटला. ‘नुसती काय बसलीयेस’ हे वाक्य आमच्याकडे नवऱ्याला कुणी ऐकवत नाही. फोन हातात असला की निदान ‘ऑफिसचं बघतेय’ असं म्हणता येतं.

कंटाळा येऊ द्यायला रिकामा वेळ लागतो. तो कुणाकडे आहे, ते आधी बघा.

ऐरोलीचा_अभियंता

विषय चांगला आहे, पण ‘झटका’ प्रयोगावर एवढा भार टाकू नका. एकूण ४२ माणसं. शिवाय त्यातून माणसाला स्वस्थ बसवत नाही एवढंच दिसतं. स्वस्थ बसण्याने भलं होतं हे दिसत नाही.

आणखी एक, धाग्यात आलं नाही पण पुढे कुणीतरी आणेलच म्हणून आत्ताच. हल्ली ‘डोपामिनचा उपवास’ (फोनसारख्या मजेच्या गोष्टी काही काळ बंद ठेवणं) म्हणून जे सांगतात ते शरीरशास्त्राला धरून नाही. डोपामिन हे मेंदूतलं रसायन म्हणजे टाकीत साठलेलं पाणी नव्हे, की वापर थांबवला की पुन्हा भरली. मेंदूचे अभ्यासक वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या कामातून दिसलं ते असं: डोपामिन सोडणाऱ्या पेशी मुख्यतः अपेक्षा आणि प्रत्यक्ष मिळकत यांतला फरक कळवतात. अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं की उसळी, ठरल्याप्रमाणे मिळालं की शांत, ठरलेलं आलंच नाही की खाली. रीलचं चिकटणं यातून समजतं. पुढचं टुकार निघेल की भारी, ते सांगता येत नाही, म्हणून बोट थांबत नाही. पण सॅटिसवर फोन खिशात ठेवल्याने मेंदू ‘रीसेट’ होतो, असं कुणी सांगितलं तर मानू नका.

माझं स्वतःचं मत: कंटाळा ही सूचना आहे. जे करतोयस त्यात तुझ्यासाठी काही उरलं नाही, दुसरं शोध, असं ती सांगते. ती ऐकायची असते, सोसत बसायची नसते. मला कंटाळा आला की मी पुस्तक वाचतो. फोनवरच वाचतो. त्यात काय वाईट?

नेरुळकर_आई

इथे सगळे मोठ्यांचं बोलतायत, मी मुलाचं सांगते.

मुलगा आठ वर्षांचा. मे महिन्यात एका दुपारी वायफाय गेलं आणि माझ्या फोनवर मीटिंग चालू, म्हणजे फोनही मिळणार नाही. पहिला अर्धा तास नुसता छळ. ‘मम्मा कंटाळा आला’ हे एवढ्या वेळा ऐकलं की मी मीटिंगमध्ये आवाज बंद करून दार लावून घेतलं. मग बाहेर एकदम सामसूम. बघितलं तर बाल्कनीत फतकल मारून बसलेला, दोरीवरचे कपड्यांचे चिमटे सगळे खाली. एकाची स्प्रिंग काढून, ती दुसऱ्यात उलटी घालून चिमटा मिटण्याऐवजी उघडा राहील असं काहीतरी करत होता. जमत नव्हतं. स्प्रिंग दोनदा उडून खाली गेली, वॉचमनकाकांकडून आणली. जेवायला हाक मारली तरी आला नाही. टॅबवरच्या कुठल्याही खेळात मी त्याला असा जीभ बाहेर काढून गुंतलेला बघितलेला नाही.

म्हणून धागाकर्त्यांशी मी सहमत. पण त्या अर्ध्या तासाचं बोला ना! तो कुणीतरी सोसावा लागतो. नवरा-बायको दोघं घरून काम करणारे, आजी-आजोबा गावाला, अशा घरात रोज तो अर्धा तास आणायचा कुठून? माझ्याकडे टॅब हा तिसरा माणूस आहे. तो काढा म्हणणाऱ्यांनी त्याच्या जागी कोण येणार ते सांगावं.

तुर्भे_रायडर

डिलिव्हरी करतो. हॉटेलच्या बाहेर ऑर्डरची वाट बघणं हेच माझं निम्मं काम आहे. फोन खिशात ठेवला आणि पिंग ऐकू आली नाही तर ऑर्डर दुसऱ्याकडे जाते. स्क्रीनकडे बघत बसावंच लागतं, मग बघतोय तर रील पण बघतो. तुमची वाट आणि आमची वाट वेगळी आहे. एवढंच म्हणायचं होतं.

कोपरीकर

रायडरभाऊंच्या मुद्द्याला जोडून. आमच्या सोसायटीत संध्याकाळी एक तास फोन बंद असा प्रस्ताव सभेत आला होता. दहा मिनिटांत पडला. कारण गेटवर कोण आलंय ते अॅपवरच विचारतात, दूधवाला, कामवाली, कुरिअर सगळं तिथेच. फोन बंद म्हणजे घराचं दार बंद.

तरी होऊ शकतं. सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव घ्या. २०२२ पासून तिथे संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद. मुलं अभ्यासाला बसतात, मोठे वाचतात, बोलत बसतात. तिथे जमलं कारण सगळ्या गावाने एका वेळी केलं. एकट्याने फोन ठेवला तर बाकीचे आपापल्या स्क्रीनमध्ये आणि हा भिंतीकडे बघत. ठाण्यात असा भोंगा कोण वाजवणार?

वसंतविहार_आजोबा

मी ७४ वर्षांचा. पत्नी गेली, मुलगा टोरंटोला. तुम्ही सगळे कंटाळा शिकायला निघालात, माझ्याकडे तो न बोलावता येतो. दुपारी दोन ते पाच हा वेळ किती लांब असतो ते तुम्हाला अजून माहीत नाही. त्या वेळात मी यूट्यूबवर जुनं नाट्यसंगीत लावतो, कीर्तन ऐकतो. मुलाचा व्हिडिओ कॉल येतो तो याच फोनवर. माझ्यासारख्याला ‘स्क्रीन कमी करा’ सांगताना जरा विचार करावा, ही विनंती.

आणि जुन्या काळाबद्दल गैरसमज नको. मी अनेक वर्षं ठाणे-व्हीटी केलं. डब्यात खिडकीबाहेर बघत चिंतन करणारा कुणी नव्हता. सगळे पेपरात, नाहीतर पत्त्यांत, नाहीतर भजनात. बायका मटार सोलायच्या. मोकळं बसणं कुणालाच आवडत नव्हतं.

पाचपाखाडीकर

आजोबा, तुमच्या दुपारीला मी कंटाळा म्हणणार नाही. तो एकटेपणा आहे आणि त्यावर नाट्यसंगीत हा चांगला इलाज आहे. तो कमी करा असं मी कधीच सांगणार नाही. पण पेपराचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे बघा. पेपर घाटकोपरला संपायचा. पत्त्यांचा डाव मोडायचा, मटार सोलून व्हायचे. त्यानंतर दादर-भायखळा नुसतं बसावं लागायचं, आवडो न आवडो. तो शेवटचा तुकडाच आता गेलाय.

अभियंता, पुस्तक वाचण्याला माझी हरकत नाही, तुम्ही शोधून वाचता. माझी तक्रार न मागता समोर येणाऱ्या गोष्टींबद्दल आहे. कंटाळा ही सूचना आहे हेही मान्य. पण दुसरं काय हवंय ते कळायला सूचना पुरती ऐकावी तर लागेल? आपण ती वाजायच्या आधीच बंद करतोय. नेरुळच्या मुलाला चिमटे सुचले ते अर्ध्या तासाने, पाचव्या मिनिटाला नाही.

रायडरभाऊ, तुम्हाला माझा नियम लागू नाही. तुमच्यासाठी ती वाट हेच काम आहे आणि फोन हे हत्यार. दिवालोकल ताईंच्या ढालीवर मात्र एक विचारतो: ढाल म्हणून फोन हातात असणं पुरेसं नाही का? त्यावर काही चालूच असायला हवं का?

घणसोलीकर

एक वेगळा धागा यात आहे तो कुणी धरला नाही: डेटा स्वस्त झाला तेव्हापासूनचं हे आहे. २०१६ च्या आधी मी एक जीबी महिनाभर पुरवून वापरायचो. फटीत फोन काढायचा विचारच यायचा नाही, पैसे जायचे. आता रोजचा दीड जीबी मिळतो आणि रात्री बाराला उरलेला बुडतो. साडेअकराला पडल्या पडल्या ‘अजून अर्धा जीबी आहे’ म्हणून व्हिडिओ बघणारे माझ्या घरात तिघं आहेत. अन्न वाया जाऊ नये तसं डेटा वाया जाऊ देत नाहीत. हा हिशेब डोक्यातून काढला तरी निम्मं काम होईल.

ऐरोलीचा_अभियंता

पाचपाखाडीकर, ‘सूचना पुरती ऐकावी’ हे पटलं. माझ्या बाजूचाच नाही तर तुमच्याही बाजूचा एक प्रयोग सांगतो. सँडी मान आणि रिबेका कॅडमन या संशोधकांनी इंग्लंडमध्ये लोकांना आधी टेलिफोन डिरेक्टरीतले नंबर उतरवायला लावले, मग प्लास्टिकच्या दोन कपांचे जास्तीत जास्त उपयोग सुचवायला सांगितले. कंटाळलेल्यांना जास्त सुचले. पुढच्या फेरीत नुसते नंबर वाचत बसलेल्यांना आणखी सुचले. हाताला कामच नव्हतं, मन भटकायला मोकळं. पण लक्षात घ्या, कपांचे उपयोग सुचणं म्हणजे वडिलांशी बोलायचं धाडस होणं नव्हे. तुमचा मुद्दा प्रयोगात सापडणार नाही, तो तुम्ही अनुभवावरच मांडा.

दिवालोकल

दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. बंद स्क्रीनची ढाल चालत नाही. समोरच्याला ते कळतं. पण रील मी महिनाभरापूर्वीच काढून टाकल्या आहेत, तुमच्यामुळे नाही, डोळे दुखायचे म्हणून. आता गाणी ऐकते किंवा आईला फोन लावते.

तुम्हाला लोकांनी नुसतं बसायला हवं असेल ना, तर बसायला जागा मागा. स्टेशनबाहेर, बसथांब्यावर, पुलाखाली सगळीकडे आपण उभे असतो. तलावांचं शहर म्हणतात, पण संध्याकाळी सातनंतर एकट्या बाईला अर्धा तास बिनधास्त बसता येईल अशी किती बाकं आहेत, मोजून सांगा.

पाचपाखाडीकर

सकाळी कचराळी तलावाला बायका एकट्या बसलेल्या दिसतात. मराठी ग्रंथसंग्रहालयात बसता येतं, १८९३ पासूनची संस्था आहे ती. संध्याकाळी सातनंतरचं ठिकाण मला सुचत नाही. कोपरीकर, तुम्ही वॉर्डाच्या बैठकांना जाता ना? भोंग्याआधी हा बाकांचा आणि दिव्यांचा विषय तिथे लावून धरू. मी येतो.

दिवालोकल

मीही येते. तारीख रविवारची घ्या, बाकी दिवशी मला यायला आठ वाजतात.