पुतणीच्या अपघाताला पंधरा महिने झाले, गावाची मदत पुढे कशी टिकवावी?

मांजराकाठ (केज तालुका, जि. बीड) यांचा प्रश्न

माझी पुतणी मागच्या वर्षी जानेवारीत, नववीत असताना, दिवेलागणीला शाळेतून सायकलवर घरी येत होती. उसाच्या ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडलेल्या होत्या. पहिली पुढे गेली म्हणून ती कडेवरून रस्त्यावर आली आणि दिवा नसलेल्या मागच्या ट्रॉलीने तिला ओढले. डोक्याला गंभीर मार, डाव्या मांडीचे हाड मोडलेले आणि उजवा हात लुळा, अशा अवस्थेत 108 च्या रुग्णवाहिकेतून तिला आधी अंबाजोगाईला आणि तिथून लातूरला नेले. एकोणीस दिवस ती व्हेंटिलेटरवर होती. आईला तिने ओळखले ते दीड महिन्याने.

त्या काळात गावाने जे केले ते आम्ही जन्मभर विसरणार नाही. मारुतीच्या पारावर वर्गणी झाली, ऊसतोडीला गेलेल्या माणसांनी कारखान्यावरून पैसे पाठवले, भजनी मंडळाने सप्ताहाची शिल्लक आणून दिली आणि तरुण मुलांनी रक्त देऊन, पाळीपाळीने रुग्णालयाच्या व्हरांड्यात रात्री काढल्या. शस्त्रक्रियांचा मोठा खर्च शासकीय योजनेतून भागला आणि भरपाईचा दावाही वकिलांमार्फत वेळेत दाखल झाला, त्यामुळे त्या दोन गोष्टींविषयी मला विचारायचे नाही.

अडचण आत्ताची आहे. मुलगी काठी घेऊन चालते, बोलते, हसते, म्हणून ती बरी झाली असे लोकांना वाटते. घरात मात्र अर्धा तास वाचले की तिचे डोके ठणकू लागते, सकाळी सांगितलेले दुपारी आठवत नाही आणि पूर्वी कधी आवाज न चढवणारी ही पोर ताट भिरकावते, मग तासभर रडत बसते. फिजिओथेरपीसाठी आठवड्यातून तीनदा अंबाजोगाईला जावे लागते. त्यात वहिनींची मजुरी बुडते आणि थोरल्या बंधूंनी यंदा शेत बटाईने दिले आहे. पुन्हा गावासमोर जायला ते तयार नाहीत. "एकदा दिलं लोकांनी, आता कोणत्या तोंडानं मागू?" असे म्हणून ते विषय संपवतात. भेटायला येणाऱ्या बायका तिच्या लग्नाची चिंता तिच्यासमोरच बोलून दाखवतात, आणि ते तिला बरोबर समजते.

मदत मागावी ती कशी, जूनपासून तिला दहावीच्या अभ्यासाला बसवावे का आणि तिच्या रागाला सामोरे कसे जावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी सांगावे, ही विनंती.

फिजिओथेरपिस्ट, लातूर

दादा, राग आणि विसर या दोन्ही गोष्टी दुखापतीचा भाग आहेत, हे घरातल्या प्रत्येकाला आधी समजले पाहिजे. मेंदूचा कपाळामागचा भाग आवेगाला आवर घालतो, आणि डोक्याला जबर मार लागल्यावर नेमका तोच आवर सैल पडतो. तिचा स्वभाव बिघडलेला नाही. ती थकली, भूक लागली किंवा घरात टीव्ही, पाहुणे आणि मिक्सर एकदम सुरू झाले की तिचा तोल जात असेल. आठवडाभर वेळ आणि प्रसंग टिपून ठेवा म्हणजे ते तुमच्याच लक्षात येईल. ताट फेकले त्या क्षणी समजूत घालू नका. आवाज कमी करा, तिला शांत खोलीत जाऊ द्या आणि ती निवल्यावरच बोला.

साधारण पहिल्या सहा महिन्यांत सुधारणा वेगाने दिसते, नंतर वेग मंदावतो, पण सुधारणा पुढे काही वर्षे होत राहते. याच टप्प्यावर अनेक घरे व्यायाम सोडतात, आणि सांधे आखडतात ते तेव्हाच. तिन्ही फेऱ्या जमत नसतील तर तुमच्या थेरपिस्टशी बोलून एक फेरी ठेवता येईल का ते पाहा आणि बाकीचे व्यायाम घरच्या एका बाईला आणि शेजारच्या एकीला नीट शिकवून घ्या. दोघींना, कारण एकटी आई वर्षभर हे ओढू शकत नाही.

एक कळकळीची सूचना. कोणी कितीही आग्रह केला तरी जोर लावून सांधा मोकळा करणाऱ्याकडे तिला नेऊ नका. अशा दुखापतीनंतर कोपर, खुबा किंवा गुडघ्याभोवतीच्या स्नायूंत हाड धरू शकते, आणि तिथे हिसका दिला तर इजा वाढते. फिटचे औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याची एकही गोळी चुकवू नका आणि नवरात्रात तिला जागरण करू देऊ नका. झोपमोड आणि चुकलेली गोळी ही फिट येण्याची नेहमीची कारणे आहेत.

निवृत्त मुख्याध्यापक, धाराशिव

शाळेत जरूर पाठवा, पण तूर्त रोज दोन तासांसाठी. वीस मिनिटे अभ्यास आणि दहा मिनिटे डोळे मिटून विश्रांती, अशी सवय लागली की ती आपोआप वाढवता येते. मैत्रिणींपासून तुटलेले मूल पुस्तकापासूनही तुटते, हे मी नोकरीत फार जवळून पाहिले आहे, म्हणून घरी शिकवणी लावण्यापेक्षा वर्गात शेवटपर्यंत न बसता आलेली मुलगी मला अधिक बरी वाटते.

2016 च्या दिव्यांग हक्क अधिनियमाप्रमाणे 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 18 वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. दिव्यांगांच्या वैश्विक ओळखपत्रासाठी (यूडीआयडी) अर्ज करताना हाताचा आणि पायाचा अधूपणाच नव्हे, तर स्मरणशक्तीच्या तक्रारीचे कागदही जोडा, कारण तपासणी मंडळासमोर मुलगी चालत गेली की न दिसणारे नुकसान सहज नजरेतून सुटते. अवस्था बदलत असेल तर ठरावीक मुदतीचे प्रमाणपत्र मिळते, त्याने नाउमेद होऊ नये. दहावीला लेखनिक आणि तासाला 20 मिनिटे जादा वेळ मिळतो. तुमचा जिल्हा छत्रपती संभाजीनगर विभागीय मंडळात येतो आणि सवलतीचा प्रस्ताव शाळेमार्फत जातो, म्हणून परीक्षेचे अर्ज भरताना नव्हे, जूनमध्येच मुख्याध्यापकांना लेखी द्या.

सगळे विषय एकदम झेपत नाहीत असे दिसले तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा मार्ग आहे. तिथे एकेक विषय सोडवता येतो आणि उत्तीर्ण विषयांचे गुण पाच वर्षे धरले जातात. वर्ष वाया जाईल ही धास्ती तिच्या कानावर मात्र पडू देऊ नका.

औशाकडचा शेतकरी

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणेश विसर्जन करून गाव झोपले असताना, किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. आमचे माळवदाचे घर बसले. मी दुपारी मातीतून निघालो, पण कमरेखालचे माझे शरीर पुढे चार वर्षे माझ्या ताब्यात नव्हते. सुरुवातीला इतके ट्रक आले की कपड्यांचे ढीग रस्त्यावर पडून राहिले, आणि वर्षभराने मला शौचाला उचलून न्यायला घरात वडिलांशिवाय कोणी नव्हते. दोष कोणाचाच नव्हता. सगळ्यांचीच घरे पडली होती.

मला उभे केले ते एका शेजाऱ्याने. त्यांनी कोणाला काही जाहीर केले नाही. दर बुधवारी सकाळी ते बैलगाडी घेऊन यायचे आणि मला दवाखान्यात नेऊन आणायचे. बुधवार त्यांचा आहे, हे आम्हाला ठाऊक होते, त्यामुळे मागावे लागत नव्हते. पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, तसे तुम्ही मदतीचे वार लावा. पैसे मागू नका. गुरुवारी मोटारसायकलवर अंबाजोगाईला कोण नेईल, मंगळवारी संध्याकाळी तिच्याशेजारी कोण वाचत बसेल, एवढेच विचारा. नेमके आणि लहान काम सांगितले की माणूस हो म्हणतो. "काही लागलं तर सांगा" या वाक्यावर कोणीच काही सांगत नाही.

तुमचे बंधू ज्याला हात पसरणे समजतात त्याला आपल्याकडे शेतात सावड म्हणतात. आज माझ्या रानात तुम्ही, उद्या तुमच्या रानात मी. मात्र सावडीत परतफेड असते, आणि ती मुलीलाही करता आली पाहिजे. मी बसल्या जागी दूध संकलनाची वही लिहू लागलो, त्या दिवसापासून लोकांची नजर बदलली, आणि माझीही. तिला असे एखादे खरे काम द्या, मन रमवायला शोधलेले नको. लग्नाचा विषय काढणाऱ्या बायकांनाही कामच द्या. केस विंचरून द्यायला, निवडण-टिपण करत तिच्यापाशी बसायला बोलवा. हाताला काम असलेली बाई असले प्रश्न कमी विचारते.

मांजराकाठ (प्रश्नकर्ता)

आपण सर्वांनी लिहिलेले मी बंधूंना वाचून दाखवले. सावडीचा उल्लेख आल्यावर ते बराच वेळ गप्प होते, नंतर स्वतःच उठून पारावर गेले. सोमवार आणि गुरुवार मोटारसायकलवाल्या दोन मुलांनी घेतले आहेत, व्यायाम शिकायला वहिनींसोबत शेजारच्या काकू जाणार आहेत आणि मंगळवारी तिची वर्गमैत्रीण येऊन धडा मोठ्याने वाचणार आहे. शाळेला अर्जही दिला. बचत गटाची हप्त्यांची वही तिच्याकडे द्यायला बायका तयार झाल्या. विसर पडतो म्हणून ती घाबरत होती, पण वहीत सगळे लिहूनच ठेवायचे असते हे तिला पटले. परवा तिने पहिले पान डाव्या हाताने लिहिले, पाऊण तास लागला, आणि बायका तोवर थांबल्या. डाव्या हाताची सवय उजव्याच्या सुधारणेआड येईल का, एवढे कळवावे.

फिजिओथेरपिस्ट, लातूर

लिहिणे डाव्याने चालू द्या. मात्र वही दाबून धरणे, वाटी उचलणे, दाराची कडी काढणे ही कामे रोज उजव्या हातालाच करू द्या, कितीही वेळ लागला तरी. जो हात वापरात राहत नाही, तो मेंदू विसरू लागतो.