तत्त्वज्ञानाची पदवी: पाश्चात्य-पौर्वात्य एकत्र शिकावं की आधी एकात मुरावं?

सावली

तत्त्वज्ञान घेऊन पदवी करायची हे पक्कं झालंय. तीन वर्षं, सहा सत्रं. तर्कशास्त्र सगळ्यांना सक्तीचं, बाकीचे बरेचसे पेपर आपले आपण निवडायचे. त्यामुळे आराखडा आत्ताच करतेय आणि त्यावर मतं हवी आहेत. आधी माझं मत सांगते, कारण ते बऱ्यापैकी ठाम आहे.

नेहमीचा क्रम असा असतो: पहिल्या वर्षी प्लेटो, ॲरिस्टॉटल, दुसऱ्या वर्षी देकार्तपासून कांटपर्यंत, आणि शेवटी, जमलंच तर, 'पौर्वात्य तत्त्वज्ञान' नावाचा एक ऐच्छिक पेपर. त्या एका पेपरात उपनिषदं, बुद्ध, शंकराचार्य, कन्फ्यूशियस, लाओत्से सगळे कोंबलेले. तोवर प्रश्न कोणते महत्त्वाचे आणि उत्तर कसं द्यायचं असतं, हे विद्यार्थ्याच्या मनात ठरून गेलेलं असतं. मग बौद्ध आचार्य नागार्जुन वाचताना तो एवढंच बघतो की हा कांटच्या किती जवळ जातो.

म्हणून माझा आराखडा प्रश्नांवर बेतलाय. पहिल्या सत्रात: ज्ञान कशाला म्हणायचं? प्लेटोचा 'मेनो', न्यायसूत्रांतला प्रमाणविचार (खात्रीचं ज्ञान कोणत्या साधनांनी मिळतं), देकार्तचं 'मेडिटेशन्स' (१६४१). दुसऱ्यात: 'मी' नावाचं काही आहे का? मिलिंदप्रश्नातला (राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांच्या संवादातला) रथ, ह्यूम, आणि त्यांच्या विरुद्ध बाजूने बौद्धांशी भांडणारे न्यायदर्शनाचे उदयनाचार्य. पुढे माणसाचा स्वभाव: मेन्शियस आणि शुन्झी हे चिनी विचारवंत, हॉब्ज. मग ईश्वर: उदयनांचीच न्यायकुसुमांजली, मध्ययुगीन ख्रिस्ती विचारवंत अक्वायनस, पुन्हा ह्यूम. शेवटच्या वर्षी एक मोठा निबंध. दोन्हीकडचे विचारवंत पहिल्या दिवसापासून बरोबर वाचायचे. उशिरा ओळख झालेल्यांना पाहुण्याचाच मान मिळतो, घरच्याचा नाही.

पूर्वपक्षी

आराखडा वाचायला छान आहे, पण असं शिकू नका. मी हा विषय शिकवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तत्त्ववेत्ता कुणाला तरी उत्तर देत असतो. कांटचं 'क्रिटिक ऑफ प्युअर रीझन' (१७८१) ह्यूम आणि लाइब्निझ न वाचता उघडलं, तर हा माणूस कार्यकारणभावासाठी एवढा जिवाचा आटापिटा का करतोय ते कळत नाही. नागार्जुनाचंही तेच. त्याच्यासमोर अभिधर्म या बौद्ध शास्त्राचे आचार्य आहेत, प्रत्येक धर्माला (इथे धर्म म्हणजे मूलघटक) आपला असा स्वभाव असतो म्हणणारे. ते वगळलेत तर शून्यता म्हणजे 'काहीच नाही' असं वाटतं आणि विद्यार्थी त्याला नास्तिवादी ठरवून मोकळा होतो.

तुमची ह्यूम-नागसेन जोडीच घ्या. ह्यूम म्हणतो, आत डोकावलं की कुठला ना कुठला अनुभवच हाती लागतो, 'मी' सापडत नाही. नागसेन रथाचं चाक, आस, दांडी एकेक विचारत जातो आणि यांतलं एकही रथ नव्हे असं मिलिंदाकडून वदवून घेतो. दोघांचं म्हणणं एकच, झाला निबंध! पण नागसेनापुढे जो पेच आहे तो ह्यूमला पडलेलाच नाही. आत्मा नसेल तर केल्या कर्माचं फळ कोण भोगतो? पुनर्जन्म होतो तो कोणाचा? त्यासाठी तो रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा दाखला देतो: पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत तीच म्हणता येत नाही, निराळीही म्हणता येत नाही. हा दाखला कशासाठी आलाय हे समजायला आधी बौद्धांमध्ये राहावं लागतं.

माझा सल्ला: दोन वर्षं एकच परंपरा, हवी ती घ्या, पण क्रमाने आणि मूळ ग्रंथांतून. तिसऱ्या वर्षी दुसरीकडे जा.

आडवाट

'हवी ती घ्या' म्हणणं सोपं आहे. प्रत्यक्षात पहिली दोन वर्षं कोणत्या परंपरेला मिळतात ते सगळ्यांना माहीत आहे. २०१६ मध्ये गारफील्ड आणि व्हॅन नॉर्डन या दोन अमेरिकी प्राध्यापकांनी वर्तमानपत्रात लिहिलं होतं की फक्त युरोप-अमेरिकेचं तत्त्वज्ञान शिकवायचं असेल, तर विभागाच्या पाटीवरही तसंच लिहा. त्यावर बरीच आदळआपट झाली. मला ते म्हणणं आजही पटतं.

एकत्र वाचल्याने काय मिळतं त्याचा एक नमुना देतो. १९६३ साली एडमंड गेटियरने तीन पानांचा लेख लिहिला: एखादी समजूत खरी आहे, तिला आधारही आहे, तरी ती ज्ञान ठरत नाही असं होऊ शकतं. पुढची कित्येक वर्षं इंग्रजीतली ज्ञानमीमांसा या तीन पानांभोवती फिरली. आता आठव्या शतकातल्या धर्मोत्तर या बौद्ध आचार्याचं उदाहरण बघा. मांस भाजायला नुकताच विस्तव पेटवलाय, धूर अजून निघालेला नाही. मांसाच्या वासाने किड्यांचा थवा वर जमलाय. लांबून बघणाऱ्याला तो धूर वाटतो आणि तो म्हणतो, तिथे अग्नी आहे. अग्नी खरोखरच आहे. मग त्या माणसाला तो कळला असं म्हणायचं का? दुसरं उदाहरण तहानलेल्या वाटसरूचं. मृगजळ बघून तो तिकडे जातो आणि नेमकं त्याच जागी, खडकाखाली, पाणी सापडतं.

पहिल्या सत्रात 'मेनो'मधला लॅरिसाचा रस्ता (न जाताही अंदाजाने बरोबर सांगणारा माणूस आणि रस्ता माहीत असलेला माणूस यांच्यात फरक काय?), मग धर्मोत्तर, मग गेटियर असं वाचलं तर तत्त्वज्ञान ही एकाच खंडाची मालमत्ता आहे असं त्या विद्यार्थ्याला आयुष्यात कधी वाटणार नाही.

पूर्वपक्षी

आडवाट, उदाहरण उत्तम दिलंत, आणि माझी भीती नेमकी तिथेच आहे.

गेटियर समजुतींबद्दल बोलतो: माझ्या मनात एक मत आहे, ते खरं आहे, त्याला आधार आहे. धर्मोत्तर ज्या धर्मकीर्तीवर भाष्य करतो, त्याच्या मते प्रमाण म्हणजे न फसवणारं ज्ञान, ज्याच्या भरवशावर कृती केली की हवं ते साधतं. म्हणूनच ही उदाहरणं त्याला अडचणीची आहेत. वाटसरूला पाणी मिळालं, कृती सफल झाली, तरी ते प्रमाण मानायचं नाही; मग का नाही, हे त्याला सांगावं लागतं. एवढी पूर्वपीठिका नसताना ही जोडी वर्गात वाचली तर विद्यार्थ्याच्या वहीत एकच वाक्य उतरतं: 'हे आपल्याकडे हजार-बाराशे वर्षं आधीच होतं.' आणि मग ना गेटियर कळतो, ना धर्मोत्तर. त्या वाक्याने आपल्या तत्त्वज्ञानाचं केवढं नुकसान केलंय! त्याने धर्मोत्तर अभिमानाची वस्तू होऊन बसतो, त्याचं म्हणणं तपासायचं राहूनच जातं.

निमिष

मधेच विचारतो. पदवीनंतर काय, याचा विचार आराखड्यात दिसला नाही.

सावली

निमिष, केलाय. पुढे काहीही केलं तरी तर्कशास्त्र आणि नेटकं लिहिणं उपयोगी पडणार. म्हणून सांकेतिक तर्कशास्त्राचा दुसरा पेपरही घेतेय. बाकी या विषयावर वेगळी चर्चा करू.

पूर्वपक्षी, तुम्ही सांगितलेला फरक मला तुमच्या प्रतिसादामुळे कळला, आणि तो प्रतिसाद गेटियर-धर्मोत्तर शेजारी ठेवल्यामुळे आला. नुसता धर्मोत्तर वाचला असता तर 'सफल कृती' हा निकष मला साहजिक वाटला असता, नुसता गेटियर वाचला असता तर 'समजूत' साहजिक वाटली असती. शेजारी ठेवल्यावर दोन्ही गृहीतकं उघडी पडली. वर्गात हेच व्हायला नको का?

आणि हे पूर्वी झालेलंही आहे. १९८३ मध्ये मे. पुं. रेगे, दया कृष्ण वगैरे मंडळींनी पारंपरिक नैयायिक (न्यायदर्शनाचे) पंडित आणि पाश्चात्य पद्धतीत घडलेले तत्त्वज्ञ समोरासमोर बसवले. रसेलची 'प्रपोझिशन'ची (विधानाची) कल्पना संस्कृतात मांडली आणि पंडितांनी ती न्यायाच्या अंगाने तपासली. त्या चर्चा १९९१ साली 'संवाद' नावाने ग्रंथरूपात आल्या.

पूर्वपक्षी

त्या बैठकीतल्या पंडितांचं अख्खं आयुष्य एका शास्त्रात गेलं होतं. समोरच्यांची रसेलवर तशीच पकड होती. म्हणून संवाद झाला. तुम्ही माझ्याच बाजूचा पुरावा दिलात.

अर्धविराम

दोन्ही बाजूंनी एक गोष्ट मुकाट्याने मान्य केलीय: 'पौर्वात्य' नावाची एक परंपरा आहे आणि 'पाश्चात्य' नावाची दुसरी. मला हेच पटत नाही.

सावली, अरबीत लिहिणारा तत्त्वज्ञ इब्न सिना (९८०–१०३७) तुमच्या कोणत्या सत्रात आहे? कुठेच नाही. तो ॲरिस्टॉटल वाचतो, त्याच्यावर अल-गझाली तुटून पडतो, गझालीला इब्न रुश्द (११२६–११९८) उत्तर देतो, आणि अक्वायनस या दोघांना, इब्न सिनाला आणि इब्न रुश्दला, घेऊन लिहितो. ही माणसं पूर्वेची की पश्चिमेची? ईश्वराच्या सत्रात अक्वायनस आहे आणि इब्न सिना नाही, म्हणजे वादातला एक पक्षच गायब. शिवाय तिथे वाद खरोखर झालाय, शेजारी ठेवायचे कष्टही घ्यायला नकोत.

तसंच कन्फ्यूशियस आणि न्याय यांच्यात 'युरोपचे नाहीत' याखेरीज समान काय आहे? चीन आणि भारत जोडले गेले ते बौद्धांमुळे. कुमारजीवाने पाचव्या शतकाच्या सुरुवातीला नागार्जुन चिनीत नेला, सातव्या शतकात ह्युएनत्संगाने योगाचार या बौद्ध पंथाचे ग्रंथ नेले. दुसऱ्या बाजूला, दारा शुकोहने १६५७ मध्ये करवून घेतलेला उपनिषदांचा फारसी अनुवाद, त्यावरून आंकेतील-दुपेराँचा लॅटिन अनुवाद (१८०१–०२), तो वाचून शोपेनहाउअर. पदवी आखायचीच तर अशा वाटांवर आखा.

मीमांसक

सगळं खरं, पण भाषा कुठे आहे? संस्कृत, पाली, ग्रीक, अभिजात चिनी यांतली कोणतीही एक निदान दोन सत्रं घ्या. कारिका (सूत्ररूप श्लोक) छोट्या असतात, अनुवादक कंसात निम्मं म्हणणं भरतो, आणि तुम्ही निबंध लिहिता तो त्या कंसावर.

आडवाट

भाषा शिकली तर उत्तमच, पण ती अट नको. इब्न रुश्दला ग्रीक येत नव्हतं. त्याने ॲरिस्टॉटलवरची भाष्यं अरबी अनुवादांवरून लिहिली आणि युरोपात लोक त्याला नुसतं 'भाष्यकार' म्हणत. अक्वायनसने ॲरिस्टॉटल लॅटिनमधून वाचला. चिनी बौद्धांनी नागार्जुन चिनीतूनच वाचला आणि त्यातून स्वतःचे संप्रदाय उभे केले.

मीमांसक

त्यांच्या हाताशी त्या अनुवादांवर आयुष्य घालवायला वेळ होता. तीन वर्षांच्या विद्यार्थ्याला अनुवादकाचा आधार कुठे सुटतो एवढं तरी ओळखता यायला हवं. दोन सत्रांत तेवढं नक्की जमतं.

सावली

बदललेला आराखडा देते.

पहिलं वर्ष: तर्कशास्त्र, त्यात ॲरिस्टॉटलच्या संवाक्याबरोबर (सिलॉजिझम) न्यायाचं पंचावयवी वाक्यही (पाच पायऱ्यांचं अनुमान), प्लेटो, आणि न्यायसूत्रं वात्स्यायनभाष्यासह. संस्कृत दोन्ही सत्रं.

दुसरं वर्ष दोन सलग वादांना. एक, आत्म्यावरचा बौद्ध-नैयायिक वाद: अभिधर्म, नागार्जुन, धर्मकीर्ती, उदयन. दुसरा, देकार्तपासून ह्यूममार्गे कांटपर्यंत. पूर्वपक्षींची क्रमाची मागणी इथे घेतली आहे, पण दोन्ही वाद एकाच वर्षात, समांतर.

तिसरं वर्ष: इब्न सिना, गझाली, इब्न रुश्द, अक्वायनस असा एक पेपर, मेन्शियस-शुन्झी एक, आणि निबंध. ह्यूम-नागसेन जोडी आता निबंधात जाईल, कर्मफलाच्या प्रश्नासकट. ह्यूमनेही १७४० च्या परिशिष्टात कबूल केलं होतं की 'मी'बद्दलचं आपलं स्पष्टीकरण आपल्यालाच पुरेसं वाटत नाही. नागसेनाचा दिवा त्या अडचणीला काही मदत करतो का, हे मला बघायचंय.

हॉब्ज गळला, त्याचं वाईट वाटतंय.

पूर्वपक्षी

निबंधाचा प्रश्न चांगला आहे. दुसरं वर्ष मात्र अजूनही पटत नाही. ज्या सत्रात कांटचं 'ट्रान्सेंडेंटल डिडक्शन' ('क्रिटिक'मधला, अनुभवाला बुद्धीच्या संकल्पना का लागतात याचा युक्तिवाद) वाचायचं, त्याच सत्रात धर्मकीर्तीचा अपोहवाद ('गाय' या शब्दाचा अर्थ म्हणजे गाय नसलेलं वगळणं, हा विचार)? दोहोंपैकी एकावर तुम्ही वरवरचं लिहाल. कांट तिसऱ्या वर्षी न्या, चिनी पेपर दुसऱ्यात आणा.

सावली

कांट तिसऱ्या वर्षी गेला तर निबंधाच्या वेळी तो ताजा असेल आणि धर्मकीर्ती वर्षभर जुना. मग पुन्हा तेच होईल, ज्यासाठी मी हा धागा काढला. दोन्ही एकाच सत्रात ठेवतेय.

अर्धविराम

तसं असेल तर अपोहवादावर मीमांसादर्शनाच्या कुमारिल भट्टाचा हल्ला पण त्याच सत्रात घ्या. अपोहावरचा सगळ्यात कडवा प्रतिपक्ष तोच आहे, आणि तो तुमच्या यादीत नाही.